विश्लेषण : अख्ख्या हंगामात एकही गुण न देणारा संघ… अमेरिकी फुटबॉलमधील ‘जनरल’ नीलँड कोण होते?

अमेरिकेतील टेनेसी राज्यात, नॉक्सव्हिल शहरात टेनेसी नदीच्या काठावर एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसू शकतील असे भव्य स्टेडियम आहे. ते एखाद्या व्यावसायिक संघाचे नाही, तर विद्यापीठाचे आहे. त्याला ज्यांचे नाव दिले आहे ते रॉबर्ट रीझ नीलँड पेशाने लष्करी अभियंता होते. इंग्रजी स्पेलिंगवरून ‘नेलँड’ असा उच्चार वाटतो, पण तिकडे सगळे ‘नीलँड’च म्हणतात. १९३९ मध्ये त्यांच्या संघाने नियमित हंगामातील दहाही सामने जिंकले आणि दहांपैकी एकाही प्रतिस्पर्ध्याला एकही गुण मिळू दिला नाही. त्यानंतर अमेरिकेतील वरच्या पातळीवरच्या कोणत्याही कॉलेज संघाला हे जमलेले नाही. सहायक प्रशिक्षक म्हणून सुरुवात करणाऱ्या नीलँड यांनी बचावाचे हे तंत्र कसे घडवले, त्यांच्या वाटचालीत कोलकाता कुठून आले आणि ज्या तंत्राने त्यांना मोठे केले तेच मोठ्या सामन्यांत अपुरे का पडले?

हा कोणता फुटबॉल?

आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला अमेरिकेत सॉकर म्हणतात. तिथला फुटबॉल लांबट चेंडू हातात घेऊन पळण्याचा, फेकण्याचा आणि समोरच्याला अंगावर घेऊन पाडण्याचा खेळ आहे. मैदान शंभर यार्डांचे आणि प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू. चेंडू ज्या संघाकडे असतो, त्याला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. या प्रयत्नाला ‘डाऊन’ म्हणतात. दहा यार्ड पार केले की पुन्हा चार प्रयत्न. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेला की ‘टचडाऊन’, त्याचे सहा गुण. चार प्रयत्नांत दहा यार्ड झाले नाहीत, तर चेंडू आहे त्याच जागी प्रतिस्पर्ध्याला द्यावा लागतो.

इथेच खरी मेख आहे. आपल्याच गोलरेषेजवळ अडकलेला संघ चौथ्या प्रयत्नात चेंडू लाथेने लांब उडवून देतो. याला ‘पंट’ म्हणतात. चेंडू तर गेला, पण प्रतिस्पर्ध्याला आता लांबवरून सुरुवात करावी लागते. बहुतेक प्रशिक्षकांच्या लेखी पंट म्हणजे नाइलाज, डाव फसल्याची कबुली. नीलँड यांच्या हातात मात्र ते हत्यार होते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. त्या काळी बदली खेळाडूंवर कडक बंधने होती. त्यामुळे तेच अकरा जण आक्रमणही करायचे आणि बचावही. आज अमेरिकी संघांत बचावाचे खेळाडू वेगळे, आक्रमणाचे वेगळे आणि दोघांचे प्रशिक्षकही वेगळे असतात. बचावाचा स्वतंत्र सहायक प्रशिक्षक हे आज मोठ्या पगाराचे आणि मानाचे पद आहे. नीलँड यांच्या तरुणपणी अशी विभागणी नव्हती. तरीही या पदावरची माणसे आज जो विचार करतात, त्याचा बराचसा पाया त्यांनी घातला.

टेक्सासमधून लष्करात…

नीलँड यांचा जन्म १७ फेब्रुवारी १८९२ रोजी टेक्सासमधील ग्रीनव्हिल येथे झाला. टेक्सास ए अँड एम कॉलेजात थोडा काळ काढल्यावर त्यांना वेस्ट पॉइंट या प्रसिद्ध लष्करी अकादमीत प्रवेश मिळाला आणि १९१६ मध्ये ते तिथून अधिकारी म्हणून बाहेर पडले. अकादमीत त्यांचे नाव गाजले ते आधी बेसबॉलमध्ये. गोलंदाज म्हणून त्यांनी ३५ सामने जिंकून दिले आणि केवळ पाच गमावले. पुढे दुसऱ्या महायुद्धात नावाजलेले जनरल ओमर ब्रॅडली हेही त्या काळात अकादमीच्या बेसबॉल संघात होते. मुष्टियुद्धात नीलँड अकादमीचे हेवीवेट विजेते होते आणि फुटबॉल संघातही खेळत. व्यावसायिक बेसबॉल संघांनी त्यांना बोलावणी पाठवली. ती नाकारून ते लष्कराच्या अभियांत्रिकी शाखेत, म्हणजे ‘कोअर ऑफ इंजिनीअर्स’मध्ये गेले.

मेक्सिकोच्या सीमेवरची नेमणूक, पहिल्या महायुद्धात फ्रान्स, नंतर एमआयटीत अभियांत्रिकीचे पुढचे शिक्षण असा त्यांचा प्रवास झाला. त्यानंतर ते पुन्हा वेस्ट पॉइंटला आले. त्या वेळी अकादमीचे प्रमुख डग्लस मॅकआर्थर होते, पुढे पॅसिफिक आघाडीवर गाजलेले तेच मॅकआर्थर. नीलँड त्यांच्या हाताखाली काम करीत आणि जोडीला खेळाचे सहायक प्रशिक्षक होते. दिवसभर कार्यालयीन शिस्त आणि संध्याकाळी मैदान, अशा दुहेरी कामात त्यांची काही वर्षे गेली. लष्करी नियोजन आणि फुटबॉल यांची सांगड त्यांच्या डोक्यात इथेच बसली असावी, असे मानायला जागा आहे. पुरवठा, जागा, शत्रूच्या हालचालींची आगाऊ माहिती आणि कमीत कमी चुका या लष्करी गोष्टी त्यांच्या फुटबॉलमध्ये शेवटपर्यंत दिसतात.

सहायक पदावरून मुख्य प्रशिक्षक कसे झाले?

१९२५ मध्ये कॅप्टन नीलँड यांची बदली टेनेसी विद्यापीठात झाली. विद्यार्थ्यांना लष्करी शिक्षण देणाऱ्या आरओटीसी या विभागात शिकवायचे आणि उरलेल्या वेळात फुटबॉल संघाचे सहायक प्रशिक्षक म्हणून काम करायचे, अशी ती नेमणूक होती. मुख्य प्रशिक्षक एम. बी. बँक्स होते. हंगामात बँक्स आजारी पडले आणि जॉर्जिया विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात संघ नीलँड यांच्या हाती आला. टेनेसीने तो सामना १२-७ असा जिंकला.

विद्यापीठाच्या क्रीडा मंडळाचे प्रमुख नेथन डोअर्टी हे अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते आणि स्वतः जुने खेळाडू. पुढच्याच वर्षी त्यांनी नीलँड यांना मुख्य प्रशिक्षक केले आणि एकच काम सोपवले, ते म्हणजे व्हँडरबिल्टला हरवणे. राज्याच्या राजधानीतील हे विद्यापीठ वर्षानुवर्षे टेनेसीला धूळ चारत आले होते. १९१६ नंतर टेनेसीने त्यांना एकदाही हरवले नव्हते.

पहिल्या वर्षी, १९२६ मध्ये, नीलँड यांचा संघ एकच सामना हरला आणि तो नेमका व्हँडरबिल्टविरुद्ध, २० विरुद्ध ३. दुसऱ्या वर्षी सामना ७-७ असा बरोबरीत सुटला. तिसऱ्या वर्षी, १९२८ मध्ये, टेनेसीने तो जिंकला. त्यानंतर पारडे असे फिरले की नीलँड यांच्या संपूर्ण कारकिर्दीत व्हँडरबिल्टविरुद्धचा हिशेब १६ विजय, तीन पराभव आणि दोन बरोबरी असा राहिला.

१९२८ चाच आणखी एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अलाबामाचा संघ तेव्हा दक्षिणेत सर्वांत बलाढ्य मानला जाई. सामन्याआधी नीलँड त्यांचे प्रशिक्षक वॉलेस वेड यांच्याकडे गेले आणि आपला संघ फारच मागे पडला तर उत्तरार्ध थोडा आखूड करता येईल का, अशी विनंती त्यांनी केली, असे सांगतात. वेड यांनी होकार दिला. खेळ सुरू झाला आणि सुरुवातीचाच चेंडू झेलून टेनेसीच्या जीन मॅकएव्हरने ९८ यार्ड धावत थेट टचडाऊन केला. टेनेसीने सामना १५-१३ असा जिंकला. नीलँड यांना खरोखर भीती वाटत होती की तो गनिमी कावा होता, याचा निवाडा वाचकांनी करावा. पुढची वीस वर्षे ते ज्या पद्धतीने खेळले ती पाहता दुसरी शक्यता जास्त वाटते.

१९२७ ते १९३२ या सहा हंगामांत नीलँड यांचा संघ केवळ एकदा हरला, १९३० मध्ये आणि तोही अलाबामाकडून.

बचावाचे गणित नेमके काय होते?

नीलँड यांचा विचार साधा होता आणि ऐकायला जरा उलटा. फुटबॉलचा सामना चांगल्या खेळींमुळे जितका जिंकला जातो त्याहून जास्त चुकांमुळे हरला जातो, असे ते मानत. म्हणून आपण चुका कमीत कमी करायच्या, समोरच्याला मात्र चुका होतील अशा जागी उभे करायचे आणि चूक झाली की ती लगेच वसूल करायची. प्रतिस्पर्धी स्वतःच्या गोलरेषेजवळ असताना हातातून चेंडू निसटला तर त्याची किंमत मोठी. मैदानाच्या मध्यावर तीच चूक झाली तर फारसे बिघडत नाही. म्हणजे प्रश्न चेंडू कुणाकडे आहे हा नाही, चेंडू कुठे आहे हा आहे.

त्यामुळे त्यांचा संघ चौथ्या प्रयत्नाची वाट न पाहता तिसऱ्याच, कधी दुसऱ्या आणि प्रसंगी पहिल्याच प्रयत्नात चेंडू लांब लाथाडून द्यायचा. पाहणाऱ्याला हे भित्रेपणाचे वाटे. पण त्यांचे पंट मारणारे खेळाडू इतके घटवलेले असत आणि चेंडू पडताच तिथे पोहोचणारी फळी इतकी चपळ असे की प्रतिस्पर्धी कोपऱ्यात सापडायचा. क्रिकेटमध्ये निर्धाव षटकांमागून निर्धाव षटके टाकून फलंदाजाला चुकीचा फटका मारायला लावतात, तसाच काहीसा हा प्रकार.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी बर्मिंगहॅममध्ये अलाबामाविरुद्ध झालेला सामना याचा उत्तम नमुना. मुसळधार पाऊस होता, मैदानाचा चिखल झालेला आणि चेंडू साबणासारखा हातातून निसटत होता. अशा परिस्थितीत चेंडू घेऊन पळणे म्हणजे संकटाला आमंत्रण. टेनेसीचा बीटी फेदर्स आणि अलाबामाचा जॉनी केन या दोघांत मग जणू लाथाडण्याचीच जुगलबंदी लागली. दोन्ही बाजूंनी मिळून सुमारे ४० वेळा पंट झाले. अलाबामा ३-० असे आघाडीवर होते. अखेरच्या टप्प्यात केनकडे आलेला चेंडू वेडावाकडा आला, त्याचा पंट फसला आणि टेनेसीला चेंडू अगदी गोलरेषेजवळ मिळाला. फेदर्सने टचडाऊन केला आणि सामना ७-३ असा टेनेसीच्या खिशात गेला. अख्खा दिवस एका चुकीची वाट पाहायची आणि ती झाली की सोडायची नाही, हा नीलँड यांचा फुटबॉल.

हे सहज होत नसे. एकेक डाव सरावात शेकडो वेळा गिरवून घेतला जाई. त्यांच्याकडे डावांची संख्या कमी होती, पण जे होते ते झोपेतही चुकू नयेत असा आग्रह असे. सहायक प्रशिक्षकांना वर, प्रेक्षागृहाच्या उंचीवर बसवून तिथून खालच्या बाकापर्यंत टेलिफोनची तार जोडणारे ते दक्षिणेतील पहिल्या प्रशिक्षकांपैकी एक. खाली उभ्या माणसाला गर्दीत जे दिसत नाही ते वरून दिसते, हे तोफखान्याच्या निरीक्षकाला माहीत असते. त्यांनी ते फुटबॉलमध्ये आणले. प्रतिस्पर्ध्याच्या सामन्यांचे चित्रीकरण पाहून त्याचा अभ्यास करणे आणि खेळाडूंचे संरक्षक पॅड हलके करून वेग वाढवणे, यांतही ते इतरांच्या पुढे होते. पहिल्या सहायकांपैकी बिल ब्रिटन आणि पॉल पार्कर हे दोघेही त्यांनी वेस्ट पॉइंटच्या ओळखीतून आणले. फळीचे काम एकाकडे, टोकाच्या खेळाडूंचे दुसऱ्याकडे अशी वाटणी करून त्यांनी सहायकांना स्वतःच्या क्षेत्राची जबाबदारी दिली.

आपला अनुभव त्यांनी सात नियमांत बसवला. चुका कमी करा, प्रतिस्पर्ध्याच्या चुकीची वाट पाहा आणि ती वसूल करा, चेंडूवर तुटून पडा, लाथेच्या खेळाला कमी लेखू नका, असा त्यांचा आशय. टेनेसीचे खेळाडू आजही प्रत्येक सामन्याआधी ते एकत्र म्हणतात.

१९३९ चा हंगाम काय होता?

१९३५ मध्ये लष्कराने नीलँड यांना पनामा कालव्याच्या प्रदेशात धाडले. तो हंगाम ब्रिटन यांनी सांभाळला आणि टेनेसीचा संघ जिंकला त्याहून जास्त सामने हरला. पुढच्या वर्षी नीलँड मेजर म्हणून लष्करातून निवृत्त झाले आणि मैदानावर परतले. दोन वर्षांत नवा संघ उभा राहिला. १९३८ मध्ये त्यांनी सगळे सामने जिंकले आणि हंगामानंतरच्या ऑरेंज बाऊल सामन्यात ओक्लाहोमाला १७-० असे हरवले.

मग आला १९३९. दहा सामने, टेनेसीचे २१२ गुण आणि प्रतिस्पर्ध्यांचे शून्य. १९३८ च्या अखेरच्या टप्प्यापासून १९४० च्या सुरुवातीपर्यंत नियमित हंगामातील सलग १७ सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला खातेच उघडता आले नाही. सामना चार सत्रांचा असतो. त्या हिशेबाने सलग ७१ सत्रे टेनेसीने एकही गुण दिला नाही. हे दोन्ही विक्रम आजही कायम आहेत. बॉब सफ्रिज, एड मोलिन्स्की यांच्यासारखे फळीतले खेळाडू आणि जॉर्ज केफेगो हा मागच्या फळीतला धावपटू ही त्या संघाची मोठी नावे.

पण हंगामानंतरच्या मोठ्या सामन्यात, १ जानेवारी १९४० च्या रोझ बाऊलमध्ये, सदर्न कॅलिफोर्नियाने त्यांना १४-० असे हरवले. वर्षभर ज्या संघावर कुणाला एकही गुण करता आला नव्हता, त्याला त्या दिवशी स्वतःलाच एकही गुण करता आला नाही. पुढच्या हंगामात टेनेसीने पुन्हा दहापैकी दहा सामने जिंकले आणि पुन्हा शेवटच्या सामन्यात, शुगर बाऊलमध्ये, बोस्टन कॉलेजकडून १९-१३ अशी हार पत्करली.

कारकिर्दीत नीलँड अशा सात बाऊल सामन्यांत उतरले. त्यांपैकी दोन जिंकले आणि पाच हरले. टीकाकार याकडे बोट दाखवतात आणि त्यात तथ्य आहे. चुकीची वाट पाहणारा संघ आघाडीवर असला की अभेद्य असतो. पण समोरचाही तोलामोलाचा असेल, चूक करत नसेल आणि आधी गुण करून बसला असेल, तर वाट पाहून चालत नाही. तिथे आक्रमण लागते आणि नीलँड यांच्या भात्यात ते बाण थोडे होते.

कोलकात्याशी काय संबंध?

१९४१ मध्ये लष्कराने नीलँड यांना परत बोलावले. टेनेसीचा संघ सहायक जॉन बार्नहिल यांच्याकडे गेला. १९४२ मध्ये सैनिकांच्या एका संघाचे प्रशिक्षक म्हणून नीलँड यांनी तीन व्यावसायिक संघांशी सामने खेळले आणि त्यांतले दोन जिंकले. त्यानंतर त्यांची रवानगी झाली ती थेट आपल्याकडे. चीन-ब्रह्मदेश-भारत या युद्धक्षेत्रात कोलकाता, म्हणजे तेव्हाचे कलकत्ता, येथील ‘बेस सेक्शन दोन’ या अमेरिकी पुरवठा तळाचे प्रमुखपद ब्रिगेडियर जनरल नीलँड यांच्याकडे आले.

या कामात तोफांचा आवाज नव्हता, पण त्याचे वजन मोठे होते. जपानने ब्रह्मदेश घेतल्याने चीनकडे जाणारा जमिनीवरचा रस्ता बंद झाला होता. चीनला जाणारा माल कोलकात्याच्या बंदरात उतरायचा, तिथून रेल्वेने ईशान्येकडे जायचा. वाटेत ब्रॉडगेज संपून मीटरगेज सुरू होई. तिथे प्रत्येक पेटी एका डब्यातून काढून दुसऱ्या डब्यात भरावी लागे. पुढे ब्रह्मपुत्रा, मग आसामचे विमानतळ आणि तिथून हिमालयाची टोके ओलांडून चीन. दुसरीकडे आसाममधील लेडोपासून नवा रस्ता बांधला जात होता, त्याचेही सामान याच वाटेने जाई. या साखळीत एक कडी अडली की मागचे सगळे तुंबायचे. चुका कमी ठेवणे आणि अडथळ्याची जागा आधीच ओळखणे हे ज्यांचे आयुष्यभराचे सूत्र होते, त्यांना हे काम मिळणे हा योगायोग म्हणायला हवा. त्यांच्या सेवेचा अमेरिकेने आणि ब्रिटननेही गौरव केला. ते परतले तेव्हा त्यांच्या नावापुढे ‘जनरल’ कायमचे चिकटले होते.

‘जुनाट’ ठरलेला प्रशिक्षक पुन्हा अव्वल कसा झाला?

१९४६ मध्ये नीलँड पुन्हा टेनेसीचे प्रशिक्षक झाले तेव्हा खेळ बदलला होता. बहुतेक संघांनी ‘टी’ नावाची नवी रचना स्वीकारली होती. तीत चेंडू थेट क्वार्टरबॅककडे जातो, फसवाफसवी जास्त आणि वेगही जास्त. नीलँड मात्र जुन्या ‘सिंगल विंग’लाच धरून होते. १९४७ मध्ये पाच विजय, पाच पराभव. १९४८ मध्ये चार विजय, चार पराभव आणि दोन बरोबरी. जनरल आता जुनाट झाले, काळ त्यांना सोडून पुढे गेला, अशी कुजबुज नॉक्सव्हिलमध्येच सुरू झाली.

त्यांनी रचना बदलली नाही, माणसे बदलली. बास्केटबॉलसाठी आलेल्या डग ॲटकिन्स या उंचपुऱ्या मुलाला त्यांनी फुटबॉलमध्ये ओढले आणि बचावात उभे केले. पुढे ॲटकिन्स व्यावसायिक फुटबॉलमधील सर्वोत्तम बचावपटूंत गणले गेले. चेंडू घेऊन धावायला हँक लॉरिसेला होता. १९५० मध्ये टेनेसीने एकच सामना गमावला. त्या वर्षी केंटकीचा संघ जबरदस्त होता. त्यांचे प्रशिक्षक पॉल ‘बेअर’ ब्रायंट पुढे अलाबामात जाऊन या खेळातले दंतकथा बनलेले नाव झाले. त्या अख्ख्या हंगामात केंटकी एकदाच हरले आणि तेही टेनेसीकडून, ७-०. नीलँड असेपर्यंत केंटकीच्या ब्रायंट यांना टेनेसीला एकदाही हरवता आले नाही. सात सामने, पाच पराभव, दोन बरोबरी. हंगामाअखेर कॉटन बाऊलमध्ये नीलँड यांनी आपल्या जन्मराज्याच्या, टेक्सासच्या, संघाला पिछाडीवरून येऊन २०-१४ असे नमवले.

१९५१ मध्ये टेनेसीने दहाही सामने जिंकले आणि असोसिएटेड प्रेसच्या क्रमवारीत पहिले येऊन राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. ही क्रमवारी तेव्हा बाऊल सामन्यांआधी जाहीर होई. टेनेसीच्या दृष्टीने ते बरेच झाले, कारण शुगर बाऊलमध्ये मेरीलँडने त्यांना २८-१३ असे चोपले. मेरीलँडचा संघ ‘टी’ रचनेत खेळत होता.

गंमत अशी की या यशामागे आक्रमणाचे आणि बचावाचे वेगळे खेळाडू वापरण्याची मोकळीक होती आणि ती मोकळीकच नीलँड यांना पसंत नव्हती. खेळाडूने सगळे करायला शिकले पाहिजे, असे त्यांचे मत. नियम समितीवर असताना त्यांनी याला विरोध केला आणि १९५३ पासून ही पद्धत बंद झाली. काही वर्षांनी ती परत आली आणि कायमची राहिली. बचावाचे आजचे स्वतंत्र सहायक प्रशिक्षक तिच्यातूनच निर्माण झाले. म्हणजे बचावाला एवढी प्रतिष्ठा मिळवून देणारा माणूस बचावाचे वेगळे खाते उघडायच्या विरोधात होता.

कोणत्या बाजूकडे दुर्लक्ष होते?

नॉक्सव्हिलमधील गौरवगाथांत एक गोष्ट सहसा दबक्या आवाजात येते. नीलँड यांचे सगळे संघ केवळ गोऱ्या खेळाडूंचे होते. दक्षिणेकडील विद्यापीठांत तेव्हा वर्णभेद हाच नियम होता. १९४१ च्या ज्या शुगर बाऊलमध्ये बोस्टन कॉलेजने टेनेसीला हरवले, त्यात बोस्टनचा कृष्णवर्णीय खेळाडू लू मॉन्टगोमेरी याला मैदानात उतरू दिले गेले नाही. न्यू ऑर्लिन्सच्या त्या सामन्यात गोऱ्या खेळाडूंबरोबर कृष्णवर्णीयाने खेळणे मान्य नव्हते. हंगामभर संघासाठी घाम गाळलेल्या खेळाडूला सर्वांत मोठ्या दिवशी बाहेर ठेवले गेले. टेनेसीच्या फुटबॉल संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, लेस्टर मॅक्लेन, सामन्यात उतरला तो १९६८ मध्ये, नीलँड यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी. शून्य गुणांचा विक्रम सांगताना त्या काळी मैदानात उतरण्याची परवानगीच कुणाला होती, हेही सांगायला हवे.

निवृत्तीनंतर काय झाले?

प्रकृती साथ देईनाशी झाल्याने १९५२ च्या हंगामानंतर नीलँड यांनी प्रशिक्षकपद सोडले. २१ हंगामांत १७३ विजय, ३१ पराभव, १२ बरोबरी. या २१६ सामन्यांपैकी ११२ मध्ये प्रतिस्पर्ध्याला एकही गुण मिळाला नव्हता, म्हणजे निम्म्याहून अधिक. १९५६ मध्ये कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. त्यांच्या हाताखाली खेळलेले बॉबी डॉड जॉर्जिया टेकचे प्रशिक्षक म्हणून गाजले आणि हर्मन हिकमन येल विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले.

टेनेसीतले त्यांचे उत्तराधिकारी होते हार्वी रॉबिन्सन, त्यांचेच जुने खेळाडू आणि पुढे सहायक प्रशिक्षक. नीलँड आता विद्यापीठाचे क्रीडा संचालक होते. रॉबिन्सन यांचे पहिले वर्ष बरे गेले, दुसऱ्या वर्षी संघ चार सामने जिंकून सहा हरला. मोठ्या प्रशिक्षकाच्या सावलीतून वर आलेल्या सहायकांचे असे बऱ्याचदा होते. पद्धत हाती येते, पण ती कधी वाकवायची याची जाण आपोआप येत नाही. १९५४ च्या हंगामानंतर नीलँड यांनी आपल्या या मित्राला पदावरून दूर केले. त्यांच्या आयुष्यातला हा सर्वांत अवघड निर्णय होता, असे सांगितले जाते. त्यांच्या जागी १९३८ च्या अपराजित संघाचे कर्णधार बाउडन वायट यांना आणण्यात आले. वायट यांनीही ‘सिंगल विंग’ सोडली नाही आणि १९५६ मध्ये नियमित हंगामातील दहाही सामने जिंकून दाखवले.

क्रीडा संचालक असताना नीलँड यांच्यातला अभियंता पुन्हा जागा झाला. विद्यापीठाचे मैदान १९२१ मध्ये सुरू झाले तेव्हा तिथे जेमतेम ३,२०० जणांची सोय होती. नीलँड यांच्या काळात ते टप्प्याटप्प्याने वाढत गेले आणि पुढच्या वाढीचे आराखडे आखण्यात त्यांनी स्वतः लक्ष घातले. २८ मार्च १९६२ रोजी वयाच्या सत्तराव्या वर्षी न्यू ऑर्लिन्समध्ये त्यांचे निधन झाले. नॉक्सव्हिलच्या राष्ट्रीय सैनिकी दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. त्याच वर्षी स्टेडियमला त्यांचे नाव मिळाले. आतल्या खेळपट्टीला मात्र आजही जुन्या देणगीदारांचे ‘शील्ड्स-वॉटकिन्स फील्ड’ हेच नाव आहे.